सुट्टीतलं ट्रेनिंग, बसलेला आवाज आणि दुखणारी टाच – आधी काय सांभाळू?

रामबाग_गणित (इंदूर)

नमस्कार मंडळी. मी इंदूरला एका सीबीएसई शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. इथे शिक्षक पण बरेच आहेत आणि डॉक्टरी पेशातले पण, म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

एप्रिलमध्ये नवीन सेशन सुरू झालं आणि मधल्या आठवड्यापासून माझा आवाज बसायला लागला. सर्दी नाही, ताप नाही, खोकला नाही. सकाळी उठल्यावर बरा असतो, तिसऱ्या-चौथ्या पिरियडनंतर घोगरा होतो आणि संध्याकाळी तर वरचा सूर लागतच नाही, मुलीला हाक मारायला गेलं तर नुसती हवा बाहेर येते. सारखं घसा खाकरावासा वाटतो. मला वाटलं छुट्ट्या लागल्या की आपोआप सुधारेल, पण मे अर्धा झाला तरी तसंच आहे, कारण छुट्ट्या लागल्या तरी ट्रेनिंग लागलं ना. सीबीएसईचे वर्षाचे ५० तास आहेत त्यातला शाळेतला भाग शाळेनं मे मध्येच ठेवलाय, सकाळी साडेआठ ते दीड, हॉलमध्ये तीस-चाळीस टीचर्स, दोन मोठे कूलर घोंघावतायत, माईक नाही, आणि निम्मा वेळ ग्रुप अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे सगळे एकदम बोलणार. घरी येऊन जेवून पुन्हा रात्री दीक्षावरचे (सरकारचं ऑनलाइन शिक्षण पोर्टल) कोर्स फोनवर. मान आखडते, डोळे चुरचुरतात, रात्री जेवणं उशिरा होतात आणि छातीत जळजळ होते.

वर टाच. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की डाव्या टाचेत अशी कळ येते की भिंत धरावी लागते, मग पाच-दहा मिनिटं चाललं की कमी होते. आमच्याकडे सगळीकडे कोटा स्टोन आहे आणि मी घरात अनवाणीच असते.

हे सगळं तसं छोटं छोटंच आहे, ऑपरेशनवालं काही नाही, म्हणून कुणाला सांगायला पण संकोच वाटतो. मिस्टर म्हणतात ट्रेनिंग सोड, सासूबाई म्हणतात मुलेठी (ज्येष्ठमध) चघळ. पण मला ट्रेनिंग मनापासून आवडतंय हो, सहावीची नवीन पुस्तकं २०२४ मध्ये आली, सातवी-आठवीची २०२५ मध्ये, आणि त्यात भिन्नं (अपूर्णांक) ज्या पद्धतीनं मांडलीयत ती मला नीट समजून घ्यायचीयत. पुढच्या आठवड्यात माझा डेमो लेसन आहे, भिन्नांचाच, प्रिन्सिपल मॅडम बसणार आहेत. आवाज नसताना डेमो कसा देऊ? ट्रेनिंग पुढे ढकलता येतं का? आणि घशासाठी खरंच ईएनटीकडे जायची गरज आहे की थांबून बघू? बीपीची गोळी दोन वर्षांपासून चालू आहे, ते पण सांगून ठेवते.

---

पलासियाची_मावशी

अगं, थांबून काय बघतेस? महिना होत आला ना आवाज बसून? मी आयुष्यभर इंदुरातच शिकवलं, आता रिटायर आहे, आणि स्टाफरूममध्ये मी हेच बघत आले की बाया सगळं शाळेसाठी करतात आणि घसा म्हटलं की हळद-दुधावर भागवतात. ताप आला असता तर गेली असतीस की नाही डॉक्टरकडे? मग ज्या आवाजावर घर चालतं त्याच्यासाठी का नाही? उद्याच्या उद्या ईएनटीची अपॉइंटमेंट घे. छुट्टी ही एकच वेळ आहे टीचरची, जूनमध्ये शाळा उघडली की तुला ओपीडीत बसायला वेळ मिळणार नाही आणि आवाजाला आराम पण मिळणार नाही.

दुसरं, ते ५० तास वर्षभराचे असतात, मे महिन्याचे नाहीत. माझी भाची भंवरकुआंकडे शाळेत आहे, तिनं सांगितलं की साधारण निम्मे सीबीएसई किंवा सरकारी संस्थांकडून करायचे आणि निम्मे शाळेत किंवा आसपासच्या शाळांनी मिळून. तेव्हा तुमच्या ट्रेनिंग को-ऑर्डिनेटरला डॉक्टरची चिठ्ठी दाखवून विचार की राहिलेले तास दिवाळीनंतर चालतील का. सरळ विचारायचं. यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि रात्रीचं जेवण आठच्या आत. मला माहितीय आपल्या इंदुरात हे सांगणं म्हणजे कठीण, घरी पाहुणे आले की रात्री दहा वाजता सराफा (रात्रीचा खाऊबाजार) ठरलेलाच, गराडू आणि भुट्ट्याचा कीस खाऊन बारा वाजता झोपायचं. पण ती जळजळ घशापर्यंत येते गं.

---

कंठ_आणि_कान (इंदूर)

ताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे, इंदुरातच काम करतो. इथे बसून निदान करता येत नाही आणि करणारही नाही, पण तुम्ही लिहिलंय ते चित्र (सकाळी बरा, दुपारी घोगरा, वरचा सूर जातो, खाकरावंसं वाटतं) शिक्षकांमध्ये मी सारखं बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं, मावशींशी शंभर टक्के सहमत. सर्दीनंतर आवाज बसला तर एक-दोन आठवड्यांत सुटतो. तीन-चार आठवडे झाले तरी सुटत नसेल तर स्वरयंत्र प्रत्यक्ष बघायलाच हवं, कुणाचंही, मग कारण कितीही साधं वाटो. आणि गिळताना त्रास, थुंकीत रक्त, मानेत गाठ, श्वास घेताना आवाज, यातलं काही असेल तर तेवढं पण थांबायचं नाही. तपासणीला घाबरू नका, नाकातून बारीक दुर्बीण घालतात, ओपीडीतच होतं, काही मिनिटांचं काम. बघितल्याशिवाय कुणी नुसती अँटिबायोटिकची पट्टी लिहून देत असेल तर विचारा की स्वरतंतू बघणार का म्हणून.

आता हे कशामुळे होतं ते सांगतो. बोलताना बाईचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर येऊन लागतात, पुरुषाचे साधारण ११०-१२० वेळा. म्हणजे तेवढाच पिरियड घेतला तरी बाईच्या स्वरतंतूंवर आपटणं जवळजवळ दुप्पट. त्यात वरच्या पट्टीत जोर लावून बोललं की आपटणं आणखी जोरात. सतत हे झालं की आधी सूज येते आणि मग दोन्ही बाजूंना समोरासमोर छोट्या गाठी धरतात, कुदळ मारून तळहाताला घट्टे पडतात ना, तसंच. त्या कॅन्सरच्या नसतात आणि बहुतेक वेळा ऑपरेशनही लागत नाही, बोलायची पद्धत सुधारली की बऱ्याचशा विरतात. पण पद्धत सुधारायला वेळ लागतो, तो आत्ता आहे तुमच्याकडे.

कूलरचं तुम्ही लिहिलंत ते सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि लोक तिकडे लक्षच देत नाहीत. आजूबाजूला आवाज असला की माणूस नकळत मोठ्यानं बोलतो, स्वतःला कळतही नाही. १९११ मध्ये लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं हे मांडलं, त्याच्याच नावानं ओळखतात. म्हणजे तुम्ही कितीही ठरवलं की हळू बोलेन तरी कूलरशेजारी बसून ते जमणार नाही. जागा बदला. ग्रुपमध्ये कूलरपासून लांबच्या कोपऱ्यात बसा, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्याजवळ जाऊन बोला. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलनं जास्त पोचतो, तेवढा जोर तुमचा वाचला.

मग काही गोष्टी ज्या बहुतेक जण उलट करतात. कुजबुजून बोलणं म्हणजे आराम नव्हे, जोरानं कुजबुजलं की उलट ताण येतो; हळू पण नॉर्मल आवाजात बोला, किंवा बोलूच नका. खाकरणं बंद, खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर जोरात आदळतात, त्यानं चिकट वाटणं वाढतं आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं. वाटलं की एक घोट पाणी घेऊन गिळा. पुदिन्या-मेंथॉलच्या गोळ्या गार वाटतात पण घसा कोरडा करतात. आणि आपण जे पितो, काढा, मध, गरम पाणी, ते स्वरतंतूंना लागतच नाही, ते अन्ननलिकेतून खाली जातं (लागलं तर ठसका लागेल). पाणी दिवसभर प्यायचं ते पूर्ण शरीरात ओलावा राहावा म्हणून. थेट पोचते ती फक्त वाफ, साध्या पाण्याची, त्यात बाम वगैरे न घालता.

एक व्यायाम लिहितो, तपासणी झाली की तुमच्या थेरपिस्टला विचारून सुरू करा. अर्धा ग्लास पाणी घ्या, स्ट्रॉ साधारण दोन बोटं पाण्यात बुडवा, ओठ घट्ट मिटा आणि स्ट्रॉमधून सलग ऊऽऽऽ म्हणा, बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. मग तोच ऊ खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत आणि परत खाली, जोर न लावता. एक-दोन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. ओठांपाशी अडवणूक झाली की मागे दाब तयार होतो आणि स्वरतंतू कमी आपटून कंप पावतात, म्हणून हे चालतं. ट्रेनिंगच्या चहाच्या सुट्टीतही करता येतं.

बीपीच्या गोळीचं नाव ईएनटीला नक्की सांगा. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला, घशात खवखव होते. स्वतःहून बंद मात्र करायची नाही, ज्यांनी दिलीय त्यांच्याशी बोलायचं.

---

छप्पनवाला

ताई मुलेठीच बेस्ट आहे, आमच्या घरी सगळे तेच करतात, दिवसभर तोंडात ठेवा काडी. आणि ट्रेनिंग म्हणाल तर सोडा, कागदी काम असतं सगळं, सही करून घरी.

---

कंठ_आणि_कान (इंदूर)

मुलेठीबद्दल थांबवतो, कारण ताईंना बीपी आहे. ज्येष्ठमधात ग्लायसिरायझिन असतं, ते रोज जास्त प्रमाणात पोटात गेलं तर अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम कमी होतं आणि बीपी वाढतं. दिवसभर काडी चघळणं बीपीवाल्यांसाठी नाहीच. सासूबाईंना असं सांगा की डॉक्टरनं गोळीमुळे मना केलंय, त्यांना वाईट वाटणार नाही.

---

मुरारची_प्राथमिक (ग्वाल्हेर)

मी ग्वाल्हेरला सरकारी प्राथमिक शाळेत आहे, आणि ट्रेनिंग घेतेही आणि देतेही, म्हणून छप्पनवाला दादांशी असहमत. निपुण भारत जुलै २०२१ मध्ये सुरू झालं, आपल्या एमपीत त्याला मिशन अंकुर म्हणतात, २०२६-२७ पर्यंत तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि बेसिक गणित यावं असं उद्दिष्ट आहे. त्याची ट्रेनिंग्स झाली तेव्हा मी पण आधी कंटाळूनच गेले होते पण पहिलीच्या मुलाला अक्षर आणि ध्वनी वेगळे करून कसं शिकवायचं हे मला कुणी बीएडला सुद्धा इतकं नीट दाखवलं नव्हतं. चांगलं ट्रेनिंग मिळालं तर ते घ्यावं. फक्त ते उन्हाळ्यात बिनमाईकच्या हॉलमध्ये का, हा प्रश्न योग्य जागी विचारावा. आणि सरकारीवाल्यांसाठी एक, छुट्टीत ड्यूटी लागली तर आदेशाची प्रत आणि हजेरी जपून ठेवा, त्याबदल्यात अर्जित अवकाश (अर्जित रजा) मागता येतो.

आता ताईंच्या डेमोचं. ताई, तुम्ही न बोलताच डेमो द्या. खरंच सांगतेय, मूक पाठ ही गणितात करायची पद्धतच आहे, ट्रेनिंगमध्ये शोभून दिसेल आणि भिन्नांना तर फारच छान बसते.

असं करा. वर्गात आल्यावर फळ्यावर फक्त लिहा, "आज कोणीच बोलायचं नाही, मी पण नाही." मग एकाखाली एक लिहा:

१/२ → २/४
१/३ → २/६
२/५ →

आणि खडू पुढे करा. कुणीतरी येईल. ४/१० लिहिलं तर बाजूला हसरा चेहरा काढा. चुकलं तर काहीच करायचं नाही, पुसायचं पण नाही, फक्त खडू दुसऱ्याकडे द्यायचा. दोन-तीन मुलांनी बरोबर लिहिलं की नियम बदला, १/२ → ३/६, खाली २/५ → आणि पुन्हा खडू पुढे. आता ६/१५ यायला हवं. इथे वर्गात जे होतं ते बघण्यासारखं असतं, मुलं एकमेकांकडे बघून बोटांवर दाखवायला लागतात, मागच्या बाकावरचा जो कधी हात वर करत नाही तो उठून येतो, कारण बोलायचं नाहीये, चुकलं तर कुणी हसणार नाहीये. मग उलट करा, → ८/१२ लिहा आणि डावी बाजू रिकामी ठेवा. इथे उत्तरं वेगवेगळी येतात, २/३ पण येईल आणि ४/६ पण, दोन्हींना हसरा चेहरा.

शेवटी कागदाची पट्टी. प्रत्येकाला एक लांब पट्टी द्या, मधोमध घडी घालून अर्धा भाग रंगवायला खुणेनं सांगा, मग तीच पट्टी पुन्हा घडी घालायची. उघडली की रंगलेला भाग तेवढाच आहे पण तुकडे चार झाले, रंगलेले दोन. पुन्हा घडी, आठातले चार. हे हातात दिसल्यावर वरच्या संख्येला आणि खालच्या संख्येला त्याच अंकानं का गुणायचं हे सांगावं लागत नाही. डेमोला खरी मुलं नसून टीचर्सच मुलं होऊन बसणार असतील तरी चालेल, मोठे जास्त अस्वस्थ होतात गप्प बसायला, त्यांना पण कळेल.

आणि एक फक्त बायकांसाठी लिहिते कारण हे कुणी लिहीत नाही. ट्रेनिंग सेंटरवर बाथरूम धड नसतं म्हणून आपण सकाळपासून पाणीच पीत नाही, आणि मे महिन्यात हे फार वाईट, घसा तर सुकतोच, वर लघवीची जळजळ, इन्फेक्शन. माझ्या ओळखीत दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी आजारी पडतं. बाथरूमची सोय आधी विचारा, पहिल्या दिवशीच सगळ्या मिळून विचारा, आणि पाणी प्या.

---

बडोदे_फिजिओ

टाचेचं मी लिहिते. सकाळच्या पहिल्या पावलाला कळ आणि चालल्यावर कमी, हे ऐकून तरी तळपायाच्या पडद्याचं दुखणं वाटतं, प्लांटर फॅसायटिस म्हणतात. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, रात्रभर पाय सैल पडला की तो आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. तासन् तास उभं राहणाऱ्यांना होतं, शिक्षक, पोलीस, दुकानात उभे राहणारे.

कोटा स्टोनवर अनवाणी चालणं आजपासून बंद. घरात घालायला वेगळी मऊ, थोडी टाच उचललेली आणि मध्ये कमानीला आधार असलेली चप्पल ठेवा, पलंगाखालीच ठेवा, पाय खाली टाकायच्या आधी ती घालायची. एकदम सपाट पातळ स्लिपर नको. उठायच्या आधी पलंगावरच ओढणी किंवा टॉवेल तळपायाला अडकवून बोटं आपल्याकडे ओढा, अर्धा मिनिट धरा, सोडा, असं चार-पाच वेळा, मग उतरा. दिवसातून दोन-तीन वेळा भिंतीला हात टेकवून पोटरी ताणायची, मागचा गुडघा सरळ, मागची टाच जमिनीला टेकलेली. संध्याकाळी पाण्याची छोटी बाटली फ्रीझरमध्ये गोठवून, वर पातळ फडकं गुंडाळून, खुर्चीत बसून तळपायाखाली पुढे-मागे फिरवा, दहा मिनिटं.

हे बरं व्हायला महिने लागतात हे आधीच सांगते म्हणजे आठवड्यात सोडून देऊ नका, बहुतेकांचं इंजेक्शनशिवाय बरं होतं. मात्र टाच सुजली, लाल झाली, मुंग्या येतात, किंवा सकाळी कंबर पण तासभर आखडलेली असते, असं असेल तर ऑर्थोपेडिककडे जा. ट्रेनिंगमध्ये बसायला मिळतंय ना, मग बसूनच ऐका, आणि मानेसाठी फोन मांडीत धरून कोर्स करू नका, पुस्तकांच्या थप्पीवर डोळ्यांच्या उंचीला ठेवा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर लांब बघा, पापण्या मिटा, स्क्रीनकडे बघताना आपण कमी वेळा मिटतो म्हणून डोळे चुरचुरतात.

---

रामबाग_गणित (इंदूर)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, उशिरा लिहितेय पण बरंच काही करून लिहितेय.

ईएनटीकडे जाऊन आले. दुर्बीण नाकातून घातली तेव्हा डोळ्यात पाणी आलं फक्त, दुखलं नाही, आणि मॅडमनी समोरच्या स्क्रीनवर मलाच माझे स्वरतंतू दाखवले. दोन पांढरट पट्ट्या, आणि दोन्हींच्या पुढच्या बाजूला समोरासमोर बारीक फुगवटे, त्यामुळे त्या पट्ट्या मिटल्या तरी मध्ये थोडी फट राहते, त्यातूनच ती हवा निघून जाते म्हणाल्या. मागच्या बाजूला ॲसिडची लाली पण आहे. गाठी सुरुवातीच्या आहेत, ऑपरेशन नाही, आवाजाची थेरपी घ्यायची, ॲसिडिटीची गोळी काही आठवडे, झोपायच्या तीन तास आधी जेवण, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच, आणि नंतर पुन्हा बघायला बोलावलंय. बीपीची गोळी त्या गटातली नाहीये. ते स्क्रीनवर बघितल्यापासून मी खाकरणं खरंच बंद केलंय, दिसलं ना समोर.

मुरारच्या ताई, डेमो तुम्ही लिहिला तसाच केला, आणि मला फार समाधान वाटतंय. टीचर्सच विद्यार्थी होते. पहिली दोन मिनिटं सगळे हसत होते, मग २/५ च्या पुढे एकीनं ३/६ लिहिलं, मी काहीच केलं नाही, खडू पुढच्या सरांना दिला, आणि हॉल एकदम गप्प झाला, इतका की मॅडमनी स्वतः उठून एक कूलर बंद करायला लावला, आम्हाला आवाज नकोय म्हणून. ८/१२ ला चार वेगवेगळी उत्तरं आली. पट्टी दुमडल्यावर संस्कृतच्या टीचर म्हणाल्या (पाठ संपल्यावर) की मला शाळेत हे कधी कुणी दाखवलंच नव्हतं, मी आत्तापर्यंत गुणायचं म्हणून गुणत होते. नंतर चर्चेत मी फळ्यावर लिहून उत्तरं दिली आणि ते सगळ्यांना चाललं.

को-ऑर्डिनेटर सरांना चिठ्ठी दाखवली, त्यांनी शाळेतले राहिलेले तास ऑक्टोबरनंतर करायला परवानगी दिली आणि म्हणाले की दीक्षाचे कोर्स वाचून-ऐकूनच होतात ते चालू ठेवा. ट्रेनिंगच्या फीडबॅक फॉर्मवर मी लिहिलंय की हॉलला माईक हवा आणि ५० तासांपैकी थोडे तरी शिक्षकाचा आवाज कसा वापरायचा यावर असावेत. आम्हाला मुलांचं सगळं शिकवतात, मूल्यमापन, प्रोग्रेस कार्ड, प्रश्न कसे काढायचे, ते सगळं हवंच, पण ज्यानं शिकवायचं तो घसा कसा वापरायचा हे इतक्या वर्षांत एकदाही कुणी सांगितलं नाही. आणखी सात-आठ जणींनी त्याखाली तेच लिहिलं. कितीतरी जणींचा आवाज असाच आहे हे तेव्हा कळलं, त्यातल्या दोघी आता तपासून घेणार आहेत.

टाच अजून दुखते पण सकाळी भिंत धरावी लागत नाही. चप्पल पलंगाखाली असते.

आता काळजी जूनची. शाळा उघडली की सलग पिरियड, प्रार्थनेची ड्यूटी, ग्राउंडवर ओरडणं. थेरपिस्ट दादा, पहिल्या आठवड्यात काय करू?

---

कंठ_आणि_कान (इंदूर)

वाचून फार आनंद झाला, फीडबॅकचं तर खासच, ते पुढे पण रेटत राहा.

जूनसाठी: कंबरेला बांधायचा छोटा माईक पहिल्या दिवसापासून वापरा, आवाज बसल्यावर नव्हे. माईक तोंडाच्या अगदी समोर नको, ओठाच्या कोपऱ्याजवळ, दोन बोटं अंतरावर, नाहीतर श्वासाचा आवाज येतो आणि माणूस पुन्हा ओरडायला लागतो. माईक असला तरी बोलायचं हळूच, स्पीकर मुलांकडे तोंड करून. ग्राउंड आणि प्रार्थनेची ड्यूटी टर्मभर कुणाशी तरी बदलून घ्या, बदल्यात पेपर तपासणं, रजिस्टर काहीही घ्या, चिठ्ठीवर डॉक्टरकडून तेवढं लिहून घ्या म्हणजे बोलावं लागणार नाही. वर्ग शांत करायला टाळ्यांचा ठेका किंवा हात वर करणं पहिल्याच दिवशी शिकवून टाका, नवीन वर्गाला पहिल्या आठवड्यात जी सवय लागते ती वर्षभर टिकते. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, लिहून झालं की वळून मग बोला. पंख्याची खडखड असेल तर दुरुस्तीचा अर्ज आत्ताच द्या, शाळा बंद आहे तोवर होऊन जाईल. आणि आठवड्यातून एखादा पिरियड तुमचा तो मूक पाठ ठेवा.

थेरपी शाळा उघडल्यावर सोडू नका, बरेच जण आवाज थोडा सुटला की येणं बंद करतात आणि दिवाळीला परत येतात.

---

पलासियाची_मावशी

माईक विकत घेऊ नकोस गं अजून. माझ्याकडे एक पडलाय, रिटायरमेंटच्या आधीच्या वर्षी घेतला होता, चालतो चांगला, फक्त चार्जरची वायर नवीन घ्यावी लागेल. शनिवारी मी रामबागेत येणारच आहे, मेसेज कर, आणून देते. महिनाभर वापरून बघ, जमला तर ठेव तुझ्याकडेच.